आप्पांच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी

वाचकाचे पत्र : मी शिरोळ तालुक्यातील एका नदीकाठच्या गावात राहते आणि कोल्हापुरातील महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र शिकते. रोज संध्याकाळी डेअरीत दूध घालून आले की माझे आप्पा वर्तमानपत्र उघडतात आणि मला एकेक प्रश्न विचारू लागतात. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवण्यास आपल्याकडचे सगळे पक्ष विरोध करतात, मग त्याच पक्षांची कर्नाटकातील माणसे उंची वाढलीच पाहिजे असे का म्हणतात? विधानसभेला एकमेकांविरुद्ध लढणारे नेते गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत एका पॅनेलमध्ये कसे येतात? लोकसभेला एक निकाल लागला आणि सहाच महिन्यांत विधानसभेला दुसराच लागला, हे कसे झाले? मला यांतील एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता येत नाही. माझ्या पुस्तकांत सार्वभौमत्वाच्या व्याख्या आहेत, राज्यघटनेची कलमे आहेत, विचारवंतांची मते आहेत. पण आप्पा जे विचारतात ते त्यांत कोठेच सापडत नाही. शेवटी आप्पा म्हणतात, "मग तीन वर्षं शिकून उपयोग काय?" आता मलाही तसेच वाटू लागले आहे. मी चुकीचा विषय निवडला आहे का?

उत्तर :

प्रिय मुली,

तू चुकीचा विषय निवडलेला नाहीस. तुझ्या आप्पांचे तिन्ही प्रश्न मला इतके आवडले की मी ते दोनदा वाचले, कारण हे तिन्ही प्रश्न राज्यशास्त्राचेच आहेत. तुला ते तुझ्या पुस्तकात सापडत नाहीत याचे कारण एवढेच की पुस्तकात अवजारे क्रमाने मांडून ठेवलेली असतात, आणि कोणते अवजार कोठे चालवायचे हे आपल्याकडच्या वर्गांत फारसे दाखवले जात नाही. मी स्वतः अनेक वर्षे हा विषय शिकवला आणि त्यातली बरीच वर्षे व्याख्या पाठ करून घेण्यात घालवली, याची मला आज खंत वाटते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शहरातील एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती आणि आम्ही काही शिक्षक तेथे मदतीला जात होतो. चिखलीकडून आलेल्या एका आजींना मी चहा दिला, तेव्हा त्यांनी कप हातात धरूनच मला विचारले, "व्हय बाई, पाणी सोडायचं का न्हाई, ह्ये ठरवतंय कोण?" मी राज्यशास्त्राची प्राध्यापिका होते आणि त्या रात्री माझ्याजवळ नीट उत्तर नव्हते. नंतर मी ते शोधले. आपल्या जिल्ह्यातील राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात आणि त्या क्षणी कोणी अधिकारी किंवा मंत्री काही ठरवत नसतो. अलमट्टीतून किती विसर्ग करायचा हे मात्र माणसे ठरवतात, आणि ती माणसे दुसऱ्या राज्याच्या शासनाला बांधील असतात. पाऊस कोणीच ठरवत नाही. पुराची बातमी एकच असते. पण तिच्यात निसर्गाने घडलेले, नियमाने घडलेले आणि कोणाच्या तरी निर्णयाने घडलेले असे तीन निरनिराळे भाग एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे करणे, आणि निर्णयाचा जो भाग असेल तो कोणाच्या हातात आहे, कोणत्या नियमाने आहे आणि त्या माणसाला कोणाची भीती किंवा गरज आहे हे शोधणे, एवढे जरी जमले तरी चालू घडामोडींचा अर्थ लागू लागतो. आजींचा प्रश्न मी पुढे दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत असे.

आता आप्पांचा अलमट्टीचा प्रश्न घेऊ. तो तुमच्या दारापर्यंत आलेल्या पाण्याचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर मी जरा जास्त थांबणार आहे.

प्रथम अधिकार कोणाचा ते पाहू. तुझ्या पुस्तकात सातव्या परिशिष्टातील सूची दिलेल्या असतील. पाणी हा विषय राज्यसूचीत सतराव्या नोंदीत आहे. पण आंतरराज्य नद्यांचे नियमन ही केंद्रसूचीतील छप्पन्नावी नोंद आहे आणि पहिली नोंद या दुसरीच्या अधीन आहे. शिवाय कलम 262 नुसार अशा तंट्यांसाठी संसद वेगळी व्यवस्था करू शकते आणि त्यातून न्यायालयांचा अधिकार वगळूही शकते. त्याप्रमाणे 1956 चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा झाला आणि त्याखाली लवाद नेमले गेले. कृष्णेसाठी पहिला लवाद 1969 मध्ये नेमला गेला, दुसरा 2004 मध्ये. अलमट्टीत सध्या 519.60 मीटर पातळीपर्यंत पाणी साठवले जाते, ते 524.256 मीटरपर्यंत साठवण्याची मुभा दुसऱ्या लवादाने 2010 मध्ये कर्नाटकाला दिली. लवादाचा निवाडा केंद्राने राजपत्रात प्रसिद्ध केला की त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके बळ येते; पण 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रसिद्धीच थांबवली. म्हणजे गाडी कोठे अडली आहे हे तुला आता बोट ठेवून दाखवता येईल. कोल्हापुरातील मोर्चा किंवा बंगळुरूतील घोषणा या दोन्हींपैकी कशानेही उंची थेट वाढत नाही की थांबत नाही. मोर्चा आणि घोषणा या दोन्ही दिल्लीतील निर्णयकर्त्यांवर आणि आपापल्या राज्य शासनाच्या न्यायालयीन भूमिकेवर दबाव आणण्यासाठी असतात. तुझ्या पुस्तकातील कोरड्या वाटणाऱ्या दोन नोंदींचा हा जिवंत उपयोग आहे.

आता पक्षांकडे वळू. आप्पांच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्याच बोलण्यात असते. पक्ष म्हणजे एक माणूस आहे, त्याला एक मन आहे आणि म्हणून त्याचे मत सगळीकडे एक असले पाहिजे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पक्ष ही निवडून येऊ इच्छिणाऱ्या असंख्य माणसांची संघटना असते आणि त्यांतील प्रत्येक जण वेगळ्या मतदारसंघाला उत्तरदायी असतो. शिरोळच्या आमदाराला बागलकोट किंवा विजयपूरमध्ये एकही मत मिळवायचे नसते. त्याला मत देणाऱ्यांची घरे आणि ऊस धरणात अडलेले पाणी मागे चढण्याच्या, म्हणजे फुगवट्याच्या, भीतीखाली असतात. तिकडच्या आमदाराच्या मतदारांना मात्र त्या वाढीव पाण्यात आपल्या कोरडवाहू जमिनीचे सिंचन दिसते. दोघांच्या खांद्यावर उपरणे एकाच रंगाचे असले तरी दोघांना जाब विचारणारी माणसे वेगळी आहेत. म्हणून अशा विषयावर पक्षाच्या नावावरून भूमिकेचा अंदाज बांधू नये, मतदारसंघ नदीच्या कोणत्या बाजूला आहे त्यावरून बांधावा. आणि ज्यांना दोन्ही राज्यांत मते हवी असतात, ते राष्ट्रीय नेते अशा वेळी शक्यतो बोलतच नाहीत. बातमीत कोण बोलला हे छापून येते. कोण बोलला नाही हे मात्र वाचणाऱ्याने टिपायचे असते.

हे स्पष्टीकरण खरे की केवळ ऐकायला बरे, हे तपासायचे कसे? तुलना करून. असाच तंटा दुसरीकडे कोठे झाला आणि तेथे एकच पक्ष दोन्हीकडे सत्तेवर होता का, हे शोधायचे. पंजाब आणि हरियाणा यांच्यातील सतलज-यमुना जोडकालव्याचे उदाहरण अगदी जुळणारे आहे. 2004 मध्ये पंजाब विधानसभेने पाणीवाटपाचे जुने करार रद्द करणारा कायदा केला, तेव्हा तेथे काँग्रेसचे अमरिंदर सिंग मुख्यमंत्री होते. 2005 च्या मार्चमध्ये हरियाणातही काँग्रेसचे भूपिंदरसिंग हुड्डा मुख्यमंत्री झाले आणि दिल्लीतील सरकारही काँग्रेसच्याच नेतृत्वाखाली होते. पुढे जवळजवळ दोन वर्षे तिन्ही ठिकाणी एकच पक्ष असूनही तो तंटा तसूभर हलला नाही. आप्पांना हे सांगितलेस तर "आपलेच पुढारी दुटप्पी" एवढ्यावर ते थांबणार नाहीत, कारण असे वागणे कोल्हापूर किंवा बेळगावच्या माणसांच्या स्वभावातून आलेले नसून संघराज्य आणि मतदारसंघ यांच्या रचनेतून आलेले आहे, हे त्यांना त्या उदाहरणात स्पष्ट दिसेल.

येथे एक सावधगिरी मात्र मनापासून बाळग. अलमट्टीमुळे पूर येतो की नाही, हा प्रश्न राज्यशास्त्राचा नाही. तो जलशास्त्राचा आहे. 2019 च्या पुराची कारणे शोधण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही. नदीकाठच्या पुष्कळ लोकांना आणि काही अभ्यासकांना तो निष्कर्ष मान्य नाही. तू राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून कोणती भूमिका कोण आणि का घेतो हे सांगू शकतेस, पण पाणी किती फूट चढले आणि कशामुळे चढले हे सांगण्यासाठी तुला अभियंत्यांचे आकडेच वाचावे लागतील. आपल्या शास्त्राची हद्द ओळखणे हा त्या शास्त्राचाच भाग आहे. एखाद्याचा हितसंबंध दाखवून दिला की त्याचे म्हणणे खोटे ठरले असे समजणे ही नव्याने हा विषय शिकणाऱ्यांची नेहमीची चूक असते. स्वार्थ असलेला माणूसही खरे बोलत असू शकतो.

गोकुळच्या प्रश्नाला तुला एक शब्द पुरेल आणि तो तुझ्या घरात रोज ऐकू येणारा आहे : ठराव. गोकुळच्या निवडणुकीत आप्पांसारखे दूध उत्पादक थेट मत देत नाहीत. गावची दूध संस्था आपल्या प्रतिनिधीच्या नावे ठराव करते आणि तो ठरावधारक मत देतो. 2021 च्या निवडणुकीत असे मतदार साडेतीन हजारांच्या आसपास होते, आणि निवडायचे होते एकवीस संचालक. विधानसभेच्या एका मतदारसंघात तीन लाखांच्या आसपास मतदार असतात. तीन लाख माणसांना प्रत्येकी भेटता येत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचायला पक्षाचे चिन्ह, जाहीर सभा, योजना, जात, अस्मिता, राज्यस्तरीय लाट असे काहीतरी मोठे लागते. साडेतीन हजार माणसांना मात्र नावानिशी ओळखता येते, त्यांच्या घरी जाता येते, कोणत्या संस्थेवर कोणाचा शब्द चालतो याची यादी करता येते. म्हणून तेथे चिन्हाला किंमत राहत नाही, गटाला येते. आणि कोणत्या तालुक्यात कोणाकडे किती ठराव आहेत, या हिशेबावर पॅनेल बांधले जाते. 2021 मध्ये काँग्रेसचे सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ एका पॅनेलचे नेतृत्व करत होते, आणि काँग्रेसचेच आमदार पी. एन. पाटील हे महादेवराव महाडिक यांच्यासह समोरच्या पॅनेलकडे होते. राज्याच्या राजकारणाचा चष्मा लावून पाहिले तर हे कोडे वाटते. मतदार कोण आणि किती, हे विचारले की कोडे उरत नाही. निवडणुकीचा नियम बदलला की त्याच माणसांची वागणूक बदलते, हे आमच्या विषयातील सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे, आणि तो शिकायला कोल्हापूर जिल्ह्याइतकी चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

हे समजावून सांगताना एक लक्षात ठेव : नेते असे का वागतात हे कळणे आणि ते योग्य आहे असे मानणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या आप्पांना या प्रकाराचा राग येत असेल तर तो राग चुकीचा आहे असे तुझ्या शास्त्राने सिद्ध होत नाही.

निकालांचा प्रश्न आकड्यांचा आहे, तेव्हा आकडेच समोर ठेवू. 2019 च्या लोकसभेत भारतीय जनता पक्षाला देशभरात सुमारे 37.4 टक्के मते आणि 303 जागा मिळाल्या. 2024 मध्ये मते सुमारे 36.6 टक्के, जागा 240. एका टक्क्याहूनही कमी मते घटली आणि 63 जागा गेल्या. काँग्रेसची मते साडेएकोणीसवरून एकवीस टक्क्यांच्या थोडी पुढे गेली आणि जागा 52 वरून 99 झाल्या. याच 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता, तरी महाविकास आघाडीला 30 आणि महायुतीला 17 जागा मिळाल्या. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. त्यामुळे मते कोठे साचली, कोठे विखुरली आणि समोरचे एकत्र होते की फुटले होते, यावर जागा ठरतात. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात "जनतेने नाकारले" किंवा "जनतेचा कौल" असे छापून येते, तेव्हा आधी मतांची टक्केवारी पाहायची, मग जागा, आणि मगच जनतेबद्दल बोलायचे.

तुझा स्वतःचा लोकसभा मतदारसंघ हातकणंगले. तेथे महायुतीचे धैर्यशील माने सुमारे साडेतेरा हजार मतांनी निवडून आले, महाविकास आघाडीचे सत्यजित पाटील सरूडकर दुसरे आले आणि शेतकरी नेते राजू शेट्टी यांना पावणेदोन लाखांहून अधिक मते मिळाली. पहिल्या दोघांतील फरकापेक्षा तिसऱ्याची मते कितीतरी पट जास्त आहेत हे उघड आहे, आणि म्हणून गावोगावी एकच वाक्य ऐकू येते की शेट्टी उभे नसते तर निकाल फिरला असता. हे वाक्य तू इतक्या सहज उच्चारू नकोस. शेट्टींना मत देणारे सगळे दुसऱ्या क्रमांकाकडेच गेले असते हे कशावरून? काही मानेंकडे गेले असते, काही घरीच बसले असते. "असे झाले नसते तर" या प्रकारच्या विधानाला पुरावा लागतो, आणि तो या एका निकालात नाही. फार तर त्याच मतदारांनी आधीच्या आणि नंतरच्या निवडणुकांत, बूथनिहाय, काय केले यावरून काही अंदाज बांधता येतो.

मग सहा महिन्यांनी विधानसभेत जिल्ह्यातील दहापैकी एकही जागा महाविकास आघाडीला का मिळाली नाही? याचे उत्तर बहुतेक लोक दोन शब्दांत देतात : लाडकी बहीण. जुलै 2024 पासूनचे दरमहा दीड हजार रुपये ऑगस्टपासून महिलांच्या खात्यात येऊ लागले आणि नोव्हेंबरमध्ये सत्ताधारी जिंकले, तेव्हा कारण तेच असणार, असा हा तर्क आहे. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो अपुरा आहे असे म्हणते. तुलना कर. झारखंडमध्येही महिलांना दरमहा रक्कम देणारी योजना होती आणि त्याच नोव्हेंबरमध्ये तेथील सत्ताधारी आघाडी परत निवडून आली; येथपर्यंत तर्काला बळ मिळते. पण त्याच वर्षी मे-जूनमध्ये आंध्र प्रदेशात जगनमोहन रेड्डी यांचे सरकार, ज्याने पाच वर्षे थेट खात्यात पैसे देण्याच्या योजना मोठ्या प्रमाणावर राबवल्या होत्या, 151 जागांवरून 11 जागांवर आले. म्हणजे खात्यात पैसे येणे एवढेच निवडून यायला पुरेसे नाही. मग महाराष्ट्रात आणखी काय होते? विरोधक एकत्र होते की नाही, उमेदवार कोण होते, बंडखोर किती होते, लोकसभेच्या निकालानंतर कोण सावध झाले आणि कोण निर्धास्त राहिले, हे सगळे शोधावे लागते. आणि आंध्रचा आकडा पुन्हा एकदा पाहा : अकरा जागा मिळाल्या तरी त्या पक्षाची मते चाळीस टक्क्यांच्या जवळ होती. एकाच उदाहरणात तुला दोन धडे मिळतात, म्हणून मला ते फार प्रिय आहे.

तुझ्याच तालुक्यातील आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला तू लहानपणापासून माणसांचे लोंढे जाताना पाहिले असशील. उसाच्या दरासाठी एवढे मोठे आंदोलन उभे राहते, मग सोयाबीनसाठी किंवा भाजीपाल्यासाठी तसे का उभे राहत नाही? सोयाबीनवाल्याचे दुःख कमी असते म्हणून नव्हे. ऊस तोडल्यावर थोड्याच वेळात गाळपाला जावा लागतो, तो एका ठरावीक हंगामात आणि ठरावीक कारखान्याकडे जातो, म्हणजे कोणाशी भांडायचे हे स्पष्ट असते; वाहतूक रोखली की कारखान्याला त्याच दिवशी झळ बसते; आणि मागणीला कायद्याचा आधार असतो, कारण 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे चौदा दिवसांत द्यावे लागतात. भाजीपाल्याचा शेतकरी शंभर बाजारांत, हजार व्यापाऱ्यांत विखुरलेला असतो. अन्याय झाला की लोक आपोआप उठतात, असे आपण मानतो. खरे तर एकत्र येण्याची सोय असेल तेथेच लोक उठू शकतात. म्हणून ज्या गटाच्या मोर्चाची बातमी कधीच येत नाही, त्याच्या वाट्याला दुःख नाही असे समजू नकोस.

या सगळ्यातून तुला असे वाटू शकेल की राज्यशास्त्र म्हणजे कोणाला काय मिळते याचा हिशेब. ते तेवढेच असते तर मी त्यात आयुष्य घातले नसते. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातील नोकऱ्यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवल्या. त्या काळी संस्थानात मते नव्हती, मतपेढी नव्हती, निवडणूक नव्हती. त्या निर्णयामागे कोणते संघर्ष होते, दरबारात कोणाचे वर्चस्व होते, हे अभ्यासावेच लागते; पण राज्याने कोणाचे देणे आधी द्यावे हा त्यातील प्रश्न न्यायाचा आहे आणि त्याचे उत्तर जागांच्या गणितातून निघत नाही. तुझ्या पुस्तकातील ज्या विचारवंतांचा तुला कंटाळा येतो, ते याच प्रश्नासाठी तेथे आहेत. आज आरक्षणावर घरात वाद होतो तेव्हा त्यातील किती भाग कायद्याचा आहे, किती आकडेवारीचा आणि किती न्यायाच्या कल्पनेचा, हे वेगळे करून दाखवलेस तर निम्मी भांडणे थांबतील, आणि उरलेली निम्मी खऱ्या मतभेदाची असतील. त्यांचा आदर कर.

प्रत्यक्ष कामाला लागायचे असेल तर सगळ्या बातम्यांच्या मागे धावू नकोस. एकच विषय घे आणि सहा महिने तो सोडू नकोस. अलमट्टी घेतलीस तर उत्तम. एक दोनशे पानी वही कर. बातमी आली की तारीख घाल आणि डाव्या पानावर घडले ते लिही, उजव्या पानावर त्यात निर्णय कोणाचा होता, कोणत्या कायद्याने होता, आणि कोण गप्प राहिले ते लिही. दर महिन्याला पुढे काय होईल याचा तुझा अंदाजही लिहून ठेव आणि सहा महिन्यांनी लाल पेनाने तपास. माझे अशा वह्यांतील कितीतरी अंदाज चुकले आहेत, आणि ते का चुकले हे शोधताना मी जेवढे शिकले तेवढे बरोबर आलेल्या अंदाजांनी शिकवले नाही. आप्पांना "काय होणार" हे सांगता आले नाही तर मुळीच शरमू नकोस. पुढचा निकाल कोणता लागेल हे सांगण्याची हमी हे शास्त्र देत नाही; काय झाले तर काय होण्याची शक्यता वाढते, इतकेच ते सांगू शकते.

न्यायालयाचा निर्णय आला की वाहिनीवरची चर्चा ऐकण्याआधी निकालपत्राची शेवटची दोन-तीन पाने वाच, कारण न्यायालयाने काय आदेश दिला ते तेथे असते. निवडणूक झाली की राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तुझ्या मतदारसंघाचा फॉर्म 20 उतरवून घे. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली ते असते. तुमच्या गावाची दोन किंवा तीन केंद्रे असतील. 2024 च्या लोकसभेचे आणि विधानसभेचे त्या केंद्रांचे आकडे शेजारी शेजारी मांड आणि मग गावात "सगळी मते फिरली" असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे तपास. करवीर नगर वाचन मंदिरात जुनी वर्तमानपत्रे किंवा संदर्भ मिळतील का, ते जाऊन विचार. एकाच दिवसाची एकच बातमी दोन दैनिकांत वाचण्याची सवयही लाव.

परीक्षेसाठी व्याख्या पाठ कराव्याच लागतील, त्या कर. मात्र प्रत्येक व्याख्येच्या समोर वहीत तालुक्यातील एक उदाहरण लिहिल्याशिवाय पान उलटू नकोस.

आणि आप्पांना उत्तरे देण्याची एवढी घाई करू नकोस. तुझ्या वर्गातील कोणाहीपेक्षा त्यांना एक गोष्ट जास्त ठाऊक आहे. आज संध्याकाळी ते डेअरीतून आले की त्यांनी वर्तमानपत्र उघडण्याआधी तूच त्यांना विचार, की मागच्या वेळी गावच्या संस्थेचा ठराव कोणाच्या नावे झाला, तो कोणत्या घरात बसून ठरला, आणि त्या बैठकीला कोणाला बोलावले नव्हते. ते जे सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून काढ, आणि कोणाचेही नाव न घालता मला कळव.